वारुळावरची हळद

बंगळूरच्या बनशंकरीत एक नागाचं देऊळ आहे. समोर दगडी मंडप, आत काळे गुळगुळीत नाग, मंगळवारी-शुक्रवारी बाहेर चपलांचा खच. मूल व्हावं, झालेलं धड असावं म्हणून बायका लांबलांबून येतात. देव तिथं आपणहून प्रकट झाला असं पुजारी सांगतो. तसं काही झालेलं नाही. तिथं नुसतं मातीचं वारूळ होतं आणि त्याच्यावर पहिली हळद मी वाहिली. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच, का ते पुढं येईल. भक्तीबिक्ती काही नव्हती त्यात. मी घाबरलो होतो, आणि घाबरलेल्या माणसाला जे सुचतं ते मला सुचलं.

जागा अण्णांची होती. अण्णा म्हणजे माझे घरमालक. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी नोकरीसाठी बेळगावहून बंगळूरला आलो आणि चिकपेटच्या मागच्या एका बोळात त्यांच्या माडीवर भाड्यानं राहिलो. खोली दाखवताना त्यांनी माझं नाव विचारलं नाही. गाव विचारलं.

"बेळगाव," मी म्हणालो.

"बरं की. मग बेळगाव, भाडं पाच तारखेच्या आत. आणि रात्री दाराला आतनं दोन्ही कड्या. एक नाही, दोन्ही."

त्या दिवसापासून मी बेळगाव. ते कुणालाच नावानं हाक मारत नसत. दूधवाला होसकोटे, समोरचा शिंपी कुंभकोणम. "नाव आईबापांनी ठेवलेलं असतं, त्याचं काय खरं?" म्हणायचे. "ज्याच्यावर विश्वास नाही त्याला नावानं हाक मारावी." ते स्वतः मात्र कुठल्याच गावचे नव्हते. घराणं कधीकाळी फौजेबरोबर इकडं आलेलं, कुठून ते घरातही कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांच्या मराठीत कानडी पुरती मुरलेली. 'स्वल्प थांब', 'बरं बरं'च्या जागी 'सरी सरी', 'अय्यो, काय माणूस आहेस तू'. पुण्याहून आलेलं कुणी भेटलं की मागून मला म्हणायचे, "बातम्या सांगितल्यासारखं बोलतात रे ही माणसं. घरी पण असंच बोलत असतील?"

नोकरी त्यांनी वजनमापे खात्यात केली होती. चिकपेटातल्या दुकानांतले गज आणि वजनं तपासायची. निवृत्त होऊन वर्षं लोटली होती, तरी अण्णा रस्त्यानं निघाले की एखादा जुना कापडवाला गजावर ताणून धरलेलं कापड नकळत सैल सोडायचा. घरी त्यांचा स्वतःचा तराजू होता. भाजी आणली की आधी तराजूत. कमी भरली तर भांडायला जात नसत. दुसऱ्या दिवशी त्या भाजीवाल्यासमोर जाऊन नुसते उभे राहत. हात मागं, तोंडातून शब्द नाही. भाजीवाला आधी हसायचा, मग चिडायचा, मग मूठभर बीन्स पिशवीत टाकायचा.

"बोलायचं कशाला?" अण्णा म्हणायचे. "बोललं की माणूस उत्तर देतो. उभं राहिलं की त्याला आठवावं लागतं."

अख्खी पेठ ज्याला भ्यायची तो हा माणूस स्वतः एका गोष्टीला भ्यायचा. ती म्हणजे त्यांची साइट. घर बांधायच्या मोकळ्या तुकड्याला बंगळुरात सगळे साइटच म्हणतात. तरुणपणी सरकारी वाटपात त्यांना ती हप्त्यांनी मिळाली होती. तेव्हा बनशंकरीच्या त्या टोकाला नाचणीची शेतं होती आणि संध्याकाळी कोल्हे ओरडायचे. घर बांधायचं ठरलं त्याच वर्षी बायको गेली. मूलबाळ नव्हतं. जागा तशीच पडून राहिली, आणि पडल्या पडल्या महाग झाली. मी आलो तोवर संगणकाच्या कंपन्या यायला लागल्या होत्या, रिंगरोडची बोलणी चालली होती आणि जो तो साइटबद्दल बोलत होता. दुसरा कुणी असता तर सुखावला असता. अण्णांची झोप उडाली.

"न कष्टता वाढतं ते दोनच, बेळगाव. अंगातली गाठ आणि जमीन. दोन्हीत माणूस जातो."

कुणी भाव सांगितला की त्या दिवशी ते जेवत नसत. आणि विचारल्याशिवायही त्यांना राहवत नसे. कुंभकोणमकडे बनशंकरीचं एक गिऱ्हाईक यायचं. ते आलं की अण्णा दारात जाऊन उभे राहायचे, "काय म्हणतात आता तिकडं?" विचारायचे, आकडा ऐकायचे आणि तोंड पांढरं करून परत यायचे. मग रात्री खालून कडीचा आवाज. एकदा, पुन्हा एकदा, मग दुसरी कडी.

भीती उगीच नव्हती. एकटा म्हातारा आणि नावावर साइट, अशा माणसांच्या गोष्टी तेव्हा गल्लीगल्लीत होत्या. कुणाच्या सह्या खोट्या झालेल्या. कुणी लेकीकडं जाऊन आला तर साइटवर पत्र्याची शेड आणि आत अख्खा संसार, चूल पेटलेली. शेड उभी राहिली की मग कोर्ट, आणि कोर्टात म्हातारा टिकत नाही. म्हणून अण्णांनी साइटवर पाटी लावली होती. 'ही जागा विकायची नाही. मालक जिवंत आहे.' कानडीत, इंग्रजीत आणि खाली मराठीत.

"अण्णा, मराठी कोण वाचणार तिथं?"

"मी."

महिन्यातल्या एका रविवारी आम्ही साइट मोजायला जायचो. खात्यातून निवृत्त होताना आणलेली पोलादी टेप, तिचं एक टोक माझ्या हातात. "जमीन चोरणारा गाठोड्यात बांधून नेत नाही, वीत वीत सरकतो," हे ते दर वेळी सांगायचे. कोपऱ्यात करंजाच्या झाडाखाली गुडघाभर वारूळ होतं. त्याला वळसा घालून टेप न्यावी लागायची. "हे एवढं एक अतिक्रमण मी चालवून घेतलंय," अण्णा म्हणायचे. "यांना वकील परवडत नाही."

एका रविवारी पाहतो तो साइटवर माणसं. अण्णांच्या तोंडचं पाणी पळालं. काठी उगारून धावले. जवळ गेलो तर मुलं होती. कुणाची मान कलती, कुणाची लाळ गळतेय, एक जण गोल गोल फिरतोय. जवळच्या गल्लीत एका गॅरेजमध्ये मतिमंद मुलांची शाळा चालायची, रविवारीही. गॅरेजचा मालक आवाज खपवून घेत नसे, म्हणून शाळेच्या बाई मुलांना मोकळ्या जागेवर आणायच्या. बाई म्हैसूरच्या होत्या, तेव्हा अण्णांच्या लेखी म्हैसूरबाई. त्या माफी मागायला लागल्या. अण्णा काठी खाली न ठेवता म्हणाले, "मोजून होईपर्यंत कडेला व्हा." आम्ही मोजायला लागलो. तेवढ्यात एक थोराड मुलगी आली, माझ्या हातातलं टेपचं टोक तिनं काढून घेतलं आणि खुंटीवर दाबून धरलं. मोजून झालं तरी सोडेना. बाई समजावतायत, मुलगी हलत नाही. अण्णा टेपचं दुसरं टोक धरून उन्हात मातीत बसून राहिले, तिला कंटाळा येईपर्यंत.

परत येताना बसमध्ये म्हणाले, "बेळगाव, तुझा हात हलतो. तिचा हलत नाही."

त्यानंतर टेप धरायचं काम माझ्याकडून गेलं. आम्ही जायच्या रविवारी बाई मुलांना घेऊन यायला लागल्या. अण्णा त्यांनाही गावांच्या नावानं हाका मारायचे, आणि आपलं गाव ऐकून ती मुलं टाळ्या पिटायची. साइटवर असतानाच काय तो हा माणूस न घाबरलेला दिसायचा.

मग एकदा जेवताना त्यांनी जाहीर केलं की साइट शाळेला द्यायची. कुंभकोणमचा हिशेबनीस भाचा त्या दिवशी जेवायला होता, तो हसला. "अण्णा, जागा कशाला देता? विका, आणि पैसे द्या संस्थेला. करात सूट मिळेल. जागा दिलीत तर तीही नाही."

"विकली तर पैसे एक रात्र तरी माझ्याकडं राहणार."

"बँकेत राहतील, घरात नव्हे."

"बँकेत राहिले तरी रात्र माझीच की." अण्णांनी ताट सारलं. "तुला वाटतं मी चोरांना भितो? चोर काय, कडी बघून जातो. मी भितो ते याला." आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "आज मी देतो म्हणतोय. एवढा पैसा बघितल्यावर हाच माणूस सकाळी देतो म्हणेल याची खात्री मी देणार नाही. मी आयुष्यभर भल्याभल्यांचे तराजू बघितलेत."

कुणी स्वतःविषयी इतकं भिऊन बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

ऐकून म्हैसूरबाईही घाबरल्या. "अण्णा, आम्ही गॅरेजात आहोत म्हणून आमच्याकडं कुणी बघत नाही. साइट आली की बघायला लागतील." पण मुलं वाढत होती, गॅरेज वाढत नव्हतं. त्यांच्या विश्वस्तांनी अखेर होकार दिला. अट एकच घातली, आणि ती वाजवी होती. दानपत्र होईल त्या दिवशी जागा मोकळी पाहिजे. तिच्यावर कुणाचा हक्क, कब्जा, तंटा काही नको. गरीब संस्था, कोर्टकचेरी झेपणार नव्हती. कागद गोळा करायला अण्णा कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवायला लागले, आणि कचेरीतून बातमी बाहेर फुटली.

कनकपुरा मला बसस्टॉपवर भेटला. हे अर्थात अण्णांनी ठेवलेलं नाव. तो साइटींचे व्यवहार करायचा, पांढराशुभ्र शर्ट, कपाळाला विभूती, आणि बोलणं इतकं मऊ की पुढं वाकून ऐकावं लागायचं. अण्णांकडे तो दोनदा येऊन गेला होता, दारातून परत गेला होता.

"तुम्ही माडीवर राहता ना सार? चांगले लोक तुम्ही. तुमचं ऑफिसही चांगलं. सहाच्या आत सुटता, नाही का?"

मी बस येते का ते बघत राहिलो.

"म्हाताऱ्याला स्वल्प समजवा. वेड्या मुलांना साइट कशाला? ती पोरं काय, कुठंही बसतील." मग त्यानं माझा कोपर धरला. "चला, पलीकडं सोडतो. रस्ता फार वाईट आहे हा. सांभाळून ओलांडत जा."

आणि खरंच, हात धरून, वाहनं थांबवत, लहान मुलाला न्यावं तसं त्यानं मला रस्त्यापलीकडं नेलं. तिथं नमस्कार करून निघून गेला. अण्णांना मी हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी मला दुसरी खोली बघायला लावली असती, असं मी तेव्हा स्वतःला सांगत असे. खरं म्हणजे सांगितलं की माझीही बाजू ठरली असती.

मात्र त्यानंतर मला साइट बघून आल्याशिवाय चैन पडेना. एका शनिवारी दुपारी अर्धी रजा टाकून गेलो. साइटवर दगडांचा ढीग पडला होता, बांबू होते, पत्रे होते. पाटी उपटून आडवी टाकलेली. दोन मजूर खड्ड्यांच्या जागा आखत होते. मी झाडामागं उभा राहून ऐकलं. सोमवारी शेड घालायची होती. कागद व्हायला अजून अवकाश होता. पोलिसांकडं अण्णा आधीच जाऊन आले होते. 'शेड येऊ दे तर खरी, मग बघू,' असं सांगून पोलिसांनी त्यांना परत पाठवलं होतं.

आमच्याकडं वारुळाला हळद लागलेली असली की शेतकरी नांगर वळवून नेतो. कानडी मुलखातही तेच, वारुळाला दूध घालणाऱ्या बायका मी पाहिल्या होत्या. ते दोन मजूर खेड्यातलेच होते. ते चहाला गेले तसा मी रस्त्यावरच्या दुकानातून हळदकुंकू घेतलं, दुधाची पिशवी घेतली, शेवंतीची माळ घेतली. भर दुपार, रस्त्यावर कुत्रं नाही. वारुळाच्या अंगाखांद्यावर हळद थापली, कुंकू लावलं, माळ घातली, दूध ओतलं. हात असे कापत होते की कुंकू माझ्या शर्टावर सांडलं. तोंडानं मी म्हणत होतो, देवा माफ कर, देवा माफ कर. कुठल्या देवाला ते माहीत नव्हतं.

उपाय लागू पडला. मजूर परत आले, वारुळाकडं पाहिलं, एकमेकांकडं पाहिलं, पहार खाली ठेवली. सोमवारी शेड उभी राहिली नाही. मंगळवारी कनकपुरा स्वतः येऊन गेला म्हणे, चपला काढून वारुळाला हात जोडले आणि बांबू-पत्रे उचलून नेले. मी आतल्या आत हसत होतो. दानपत्र झालं की अण्णांना सांगायचं, ते किती हसतील याची चित्रं रंगवत होतो.

पुढच्या आठवड्यात गेलो तर वारुळावर ताजी जास्वंद. मी वाहिलेली नव्हती.

कागदांना वेळ लागत गेला आणि तेवढ्यात वारूळ मोठं होत गेलं. आधी दोनचार बायका, मग मंगळवार-शुक्रवारची रांग. कुणाला तरी दिवस गेले, तिनं दगडी नाग आणून बसवला. कुणी वर पत्रा घातला. कुठून तरी एक पुजारी आला आणि सकाळ-संध्याकाळ घंटा वाजवायला लागला. अण्णा चक्रावले. पहिल्यांदा चिडले, मग रविवारी मोजताना टेप हातात धरून नुसते बघत राहिले. "बेळगाव, हेही वाढायला लागलं रे."

विश्वस्तांचे वकील जागा पाहायला आले तो नेमका शुक्रवार निघाला. बाई मुलांना घेऊन आल्या होत्या, त्यांना त्यांची जागा दाखवायला. रांगेत एक पोटुशी बाई होती. मुलांना पाहून तिनं किंचाळून पदरानं तोंड झाकलं. तिच्या सासूनं तिला मागं ओढलं आणि बाकीच्या बायका ओरडायला लागल्या. "हाकला त्यांना! नागाच्या शापाची पोरं ती. इथं कशाला आणता? गर्भारणीची नजर पडते त्यांच्यावर." कुणीतरी मुलांवर हळदीचं पाणी शिंपडलं. टेप धरणारी ती थोराड मुलगी नागाच्या दगडाकडं निघाली, पुजाऱ्यानं तिला दंडाला धरून मागं लोटलं. ती पडली नाही. पण घाबरून तिनं जो हंबरडा फोडला तो मला अजून ऐकू येतो.

वकील म्हणाले, "मोकळी जागा म्हणाला होतात तुम्ही." बाई मुलांना एकमेकांचे हात धरायला लावून ओळीनं घेऊन गेल्या. त्यानंतर ती मुलं साइटवर कधी आली नाहीत.

मी तिथं होतो. करंजाच्या झाडाला टेकून.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी पहार घेतली. मी मागं मागं गेलो. भर सकाळी, लोकांदेखत, त्यांनी वारुळावर पहार उगारली. गर्दी जमायला वेळ लागला नाही. पुजाऱ्यानं बोंब ठोकली, दोघातिघांनी त्यांचे हात धरले. "जागा माझी आहे!" अण्णा कानडीत, मराठीत, जे तोंडाला येईल त्यात ओरडत होते. "मला देव नको सांगू! हे कुणीतरी केलंय, माणसानं केलंय!" लोक त्यांना मारणार असं दिसत होतं. मला ओरडायचं होतं, हो, मी केलंय. पण गर्दीत मला पांढरा शर्ट दिसत होता, विभूती दिसत होती.

तेवढ्यात कालची सासू पुढं आली आणि तिनं अण्णांच्या पायावर डोकं ठेवलं. "ताता, नको. सून पोटुशी आहे माझी. आधीची दोन गेली. तुमची जागा, तुमचंच सगळं. पण हे नको."

अण्णांनी पहार खाली ठेवली. त्या बाईला उठवलं. मग गर्दीतून वाट काढत बसस्टॉपकडं चालायला लागले.

संध्याकाळी मी माडीवर बसलो होतो. जिना वाजला. अण्णा माझ्या दारात येऊन उभे राहिले. हात मागं. एक शब्द नाही. पेठेतले दुकानदार काय भोगत होते ते मला त्या क्षणी समजलं. मी उगीच कपडे आवरले, पाण्याचा तांब्या इकडचा तिकडं केला. ते हलले नाहीत. शेवटी मीच बोललो.

"अण्णा, हे काम कनकपुराचं. दानपत्र होऊ नये म्हणून त्यानंच केलं असणार."

माझा तो कुंकू सांडलेला शर्ट दारामागच्या खुंटीवर होता. डाग धुऊनही गेला नव्हता. त्यांनी तो पाहिला की नाही, मला माहीत नाही.

"सरी," ते म्हणाले आणि खाली गेले. त्या रात्री कड्यांचा आवाज आला नाही.

सकाळी दूध घेताना त्यांनी होसकोटेला माझं नाव विचारलं. आणि मग जिन्याखालून मला त्या नावानं हाक मारली. पुढं मी खोली सोडेपर्यंत मी त्यांच्यासाठी त्या नावाचा एक भाडेकरू होतो. बेळगाव म्हणून त्यांनी मला परत कधी हाक मारली नाही.

त्यांनी आणखी एका संस्थेला जागा देऊ केली, मग आणखी एका. देवाची जागा म्हटल्यावर सगळे हात जोडून परत गेले. साइटवर जाणंही त्यांनी सोडलं. वर्षभरानं झोपेतच गेले. दाराला एकही कडी नव्हती, म्हणून शेजाऱ्यांना आत जाता आलं. साइट लांबच्या पुतण्याकडं गेली, पुतण्यानं ती देवस्थान समितीला विकली, आणि समितीचे अध्यक्ष कोण झाले हे सांगायची गरज नाही. मंडपातल्या फरशीवर त्यांचं नाव आहे. शाळेला गॅरेज सोडावं लागलं. नंतर ती गावाबाहेर कुठं कुठं फिरत राहिली.

पुढं माझं लग्न झालं. बायको पुण्याची, देवाधर्मातली नव्हे. पण दोनदा गर्भ टिकला नाही तेव्हा ऑफिसातल्या कुणीतरी तिला बनशंकरीच्या नागाचं सांगितलं. मी नको म्हणायला हवं होतं. का नको, हे सांगावं लागलं असतं. मी तिच्याबरोबर गेलो. रांगेत उभा राहिलो, दूध दिलं, मी स्वतः हळद थापलेल्या त्या जागेपुढं गुडघे टेकले आणि मनापासून, अगदी मनापासून, डोकं ठेवलं. न ठेवायची हिंमत नव्हती. मला खोटा देव कुठं संपतो ते तेव्हा कळेना, आणि अजूनही कळत नाही. मुलगी झाली. धडधाकट आहे. बायको दरवर्षी नागपंचमीला तिथं जाते, आणि मी दर वेळी गाडी चालवत तिला नेतो.

म्हैसूरबाई अजून आहेत. शाळा सर्जापूर रोडच्या पुढं भाड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये चालते, तिथूनही उठायची नोटीस आली आहे, हे मला बायकोच्या एका मैत्रिणीकडून कळलं. त्याच रस्त्यावर माझा एक फ्लॅट आहे. तिकडं कुणी जात नव्हतं तेव्हा घेतलेला, तळमजल्याचा, पुढं थोडी मोकळी जागा. त्याच्या भावाचं काय झालंय ते बंगळुरात राहणाऱ्याला सांगायला नको. मी दर दोनतीन महिन्यांनी दलालाला फोन करून भाव विचारतो. आकडा ऐकला की त्या रात्री उठून दार लागलंय ना ते बघतो.

अण्णांना मी एक खरं उत्तर देणं लागतो. ते आता देता येणार नाही. बाईंना मी जाऊन सांगायला हवं की त्यांची जागा मी घालवली. अजून गेलेलो नाही. शाळेला मी जागा देणं लागतो. ती माझ्याकडं आहे, माझ्या एकट्याच्या नावावर आहे, कुणाचा तंटा नाही, वारूळ नाही. आज हे लिहीपर्यंत मी ती दिलेली नाही.